आक्का, आज वारं होतं

आक्का, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाला तुझा फ्लेक्स लागला. वर तुझा ओळखपत्रासाठी काढलेला फोटो, ज्यात तू फोटोग्राफरचं गणित चुकल्यासारखं बघतेस, आणि खाली 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ, धर्मपरायण'. मनमिळाऊ हे कुणी सुचवलं ते मी अजून शोधते आहे. बांधणाऱ्यांनी तो पूर्वेकडं तोंड करून, चारी कोपरे ताणून, मधे एकही भोक न पाडता बांधला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो एका खांबावरून सुटून समोरच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसला. तू असतीस तर आधीच सांगितलं असतंस की एवढ्या मोठ्या कापडाला शीड म्हणतात. आता तू अर्धी गिरणीवर आणि अर्धी खांबाला आहेस, आणि कुणी उतरवायचं यावर चर्चा चालू आहे.

बाबांनी तुझ्यासाठी पत्रक लिहायला घेतलं होतं. आमच्या घरात दुसरं काही लिहिता येत नाही हे तुला, शेजारणीला, ठाऊक आहे. कडोलीत आमच्या आज्यानं काढलं, बाबांनी काढलं, टिळकवाडीत भाड्याच्या घरात आल्यावर मी काढलं. सीमेसाठी, उसासाठी, शाळेच्या छपरासाठी, आणि एकदा बस आमच्या थांब्यावर न थांबता पुढच्या वळणावर थांबते म्हणून. मला अक्षरं कळायला लागली ती पत्रकांवर. 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. बाबांनी 'बंधू-भगिनींनो' एवढं लिहिलं आणि पेन ठेवलं. मी म्हटलं, राहू द्या, मी लिहिते. पण पत्रक नको. पत्रक लिहायला कोण बरोबर आणि कोण चूक हे आधी पक्कं लागतं, आणि आपलं भांडण मिटायच्या आधीच तू उठून गेलीस.

तू निवृत्त झालीस आणि मालवणहून टेम्पोत घालून एक जुनी होडी आणलीस, तेव्हा गल्लीला वाटलं तू ती गच्चीवर पाणी साठवायला आणलीस. शाळेत विज्ञान शिकवणारी, निपाणीच्या जैन तंबाखू व्यापाऱ्याची लेक, लग्न न केलेली, दिवस मावळायच्या आत जेवणारी, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला न लावणारी बाई हिडकलच्या धरणात शिडाची होडी घालणार, हे कुणाच्या डोक्यात येणार होतं? कारवारला कॉलेजात असताना तू ती चालवायला शिकली होतीस आणि मधली सगळी वर्षं पोरांना वाऱ्याचा दाब फळ्यावर शिकवण्यात गेली. शीड तू घरच्या गोदामातल्या, तंबाखूच्या गठ्ठ्यांवर घालायच्या जुन्या कापडाचं शिवलंस. ते वर चढवलं की पहिली पाच मिनिटं मी शिंकत असे.

मला का निवडलंस ते तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. "होडीत दुसऱ्या बाजूला वजन लागतंय. मला तुझं वजन पाहिजे, मत नको." मी म्हटलं, वजन पाहिजे तर सिमेंटचं पोतं घे, माणूस घेतलास तर मत येणार. तू म्हणालीस, बरं, मग मतदान घेऊ. तिथंच माझा घात झाला.

दर रविवारी पहाटे माझ्या स्कूटरवरून आपण हायवेनं निपाणीच्या दिशेनं जायचो आणि मग हिडकलकडं आत वळायचो. तू मागं बसून माझ्या गाडी चालवण्यावर बोलायचीस. काठावर मल्लाप्पा असायचा. जाळी टाकून मासे धरणारा माणूस. आपली होडी त्याच्या झोपडीशेजारी पालथी असायची. मासे धरणं तुला पटत नव्हतं, हे तू त्याला दर रविवारी सांगायचीस, आणि तोही दर रविवारी ऐकून घ्यायचा.

मग तुझी परीक्षा सुरू व्हायची. तुझ्या घराण्यानं चार पिढ्या तंबाखू विकली आणि कुणी चाखली नाही. तू तेवढी ती उडवलीस. गळ्यात लॉकेट असावं तशी पिशवीत एक पुडी. चिमूटभर चुरा खांद्याच्या उंचीवरून सोडायचा. पायाशी पडला तर वारं नाही, वल्ही घ्या. दोन पावलांवर पडला तर उत्तम. मल्लाप्पाच्या डोळ्यात गेला तर जास्त. मल्लाप्पा कायम एकाच ठिकाणी उभा राहायचा, कारण तू त्याला तिथं उभं केलं होतंस. त्यानंतर पाण्याकडं बघायचं. लाटांच्या टोकांना पांढरा फेस दिसू लागला की तू म्हणायचीस, बगळे बसले. इथं तिथं चार बगळे असले तर चालायचं. थवा असला तर नाही. मी फोन काढून वाऱ्याचं ॲप दाखवलं की तू म्हणायचीस, ते बेंगळूरचं वारं सांगतंय.

एवढं सगळं झाल्यावर निकाल लागला असं कुणालाही वाटेल. तुझ्याकडं तिथून खरं काम सुरू व्हायचं. दोन चिठ्ठ्या. एकमेकींकडं पाठ करून लिहायच्या, 'हो' किंवा 'नको'. मल्लाप्पानं उघडायच्या. दोन्ही 'हो' असतील तरच होडी पाण्यात. एक जरी 'नको' निघाली तर होडी पालथीच. ज्यानं 'नको' लिहिलं त्याला कारण विचारायचं नाही, परत जाताना स्कूटरवर नाही, आठवड्यात गल्लीत नाही, कधीच नाही. आणि एका रविवारी एकदाच मतदान. चिठ्ठ्या नंतर तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात.

मी विचारलं होतं, तंबाखूनं सांगितलं, बगळ्यांनी सांगितलं, आता हे कशाला? तू म्हणालीस, "वारं किती हाय ते तंबाखू सांगती. आपुन किती हाय ते चिठ्ठी सांगती."

मला ते वाक्य आवडलं आणि नियम अजिबात आवडला नाही. दोन मतदार आणि त्यात एकाला नकाराधिकार! मी त्यावर पत्रक काढलं, तुला आठवत असेल. 'एकाधिकाराचा वारा', सात मुद्दे, खाली 'एक जागरूक नाविक'. गल्लीत वाटलंसुद्धा. तू ते लाल पेनानं तपासून परत दिलंस. सातांपैकी चार मुद्दे एकच आहेत, असा शेरा. उरलेल्या प्रती मागून घेतल्यास आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर आपण पुढची दोन वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या. माझ्या कुठल्याही पत्रकाचा इतका उपयोग झालेला नाही.

मी काय लिहायची? 'हो'. दर वेळी. तंबाखू पायाशी पडो की मल्लाप्पा डोळे चोळत बसो, माझी चिठ्ठी 'हो'. आमच्या घरात कुणी कधी माघार घेतलेली नाही. आज्यानं नाही, बाबांनी नाही, आणि माझ्याकडून सुरुवात होणार नव्हती. थोड्याच दिवसांत मल्लाप्पानं माझी चिठ्ठी उघडणं सोडलं. तुझी उघडायचा, वाचायचा, माझी घडीसकट डब्यात. मी रागावले तर म्हणाला, "तुमचं काय, हायच की."

आणि तुझी उघडली की बऱ्याचदा 'नको'. आपण वळायचो. डबा उघडून काठावर खायचो, तुझ्या डब्यात कांदा नाही, बटाटा नाही, मुळा नाही, तुझ्या धाकानं माझ्याही डब्यात जवळजवळ तेच. गल्लीत शिरलो की ओट्यावरच्या बायका विचारायच्या, "काय आक्का, आला का जाऊन?" तू स्कूटरवरून उतरत, चपला नीट करत सांगायचीस, "न्हाई. वारं होतं." एवढंच. पुढं ना मागं काही नाही. त्या हसायच्या. मग मी बोलायची. मी तयार होते, माझं मत जाण्याचं होतं, पण नियमच असा आहे की, वगैरे. आता ते आठवलं की स्वतःच्याच तोंडावर चिमूटभर तंबाखू उडवावी वाटतं.

आपण गेलो तेव्हाचं मी फार कमी लिहिणार आहे, कारण ते मला लिहिता येत नाही. दिवाळीनंतरच्या सकाळी, शीड एकदा भरलं की सगळा आवाज बंद व्हायचा आणि होडी कुणी न ढकलता निघायची. तू सुकाणूवर बसून एक शब्द बोलत नसायचीस. मला सभेत माईक हातात आला की जे वाटतं, ते तुला तिथं वाटत असणार, असं मला वाटायचं. फक्त तुला त्यासाठी कुणी ऐकायला लागत नव्हतं.

आता संक्रांतीनंतरचा तो रविवार. त्याबद्दल मला तुझ्याशी भांडायचंच आहे.

पूर्वेचं वारं सुटलं होतं. उसाची पानं उलटी होऊन पांढरी दिसत होती. मल्लाप्पा नव्हता, त्याच्या झोपडीला कडी होती. तू तंबाखू सोडलीस आणि ती कुठं गेली ते आपल्या दोघींनाही दिसलं नाही. पाण्यावर बगळ्यांची शाळा भरली होती. मी मनात म्हटलं, चला, आज डबा लवकर खायला मिळणार. आणि रुबाबात 'हो' लिहिलं.

मल्लाप्पा नाही म्हणून चिठ्ठ्या तूच उघडल्यास. माझी आधी उघडलीस. मग तुझी माझ्या हातात दिलीस. 'हो'.

मी ती दोनदा वाचली. उलटी करून बघितली. मागं माझाच मुद्दा क्रमांक तीन होता. तू तोवर लाइफ जॅकेटचे बंद बांधत होतीस. त्या क्षणी मी 'थांब, मला नको वाटतंय' एवढं म्हटलं असतं तर तू थांबली असतीस, हे मला आज माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. पण मी आज्याची नात. मी होडीला हात लावला.

पुढचं वर्णन तू असतीस तर दुरुस्त केलं असतंस, म्हणून थोडक्यात. शीड भरलं तसं होडी एका कुशीवर झाली. मी वजन म्हणून घेतलेली, तर मी वजन घेऊन नेमकी चुकीच्या बाजूला पळाले. पाणी आत आलं. मैदानावर विनामाईक सभा गाजवलेल्या माझ्या गळ्यातून फक्त "आई" निघालं, आणि तेही कुजबुजल्यासारखं. तू म्हणालीस, "आईला नंतर बोलव. आधी पाणी काढ." मी डब्याच्या झाकणानं पाणी उपसत होते आणि तू शीड सोडून दिलंस, ते फडफडत माझ्या कानशिलात बसत होतं, आणि त्यातूनही मला शिंका येत होत्या. एक लाट सरळ तुझ्या तोंडात गेली. न गाळलेलं धरण. दुसऱ्या दिवशी त्यासाठी तू उपास केलास. मी किती गिळलं याची मला मोजदाद नाही आणि पश्चात्तापही नाही.

वाऱ्यानं आपल्याला पलीकडच्या काठाला नेऊन चिखलात घातलं. तू उतरलीस, गुडघाभर पाण्यात उभी राहून काठावर इकडून तिकडं बघितलंस. पुन्हा बघितलंस. मला वाटलं पक्षी बघतेस. म्हटलं, काय बाई आहे, आत्ता मरत होतो आणि ही पक्षी बघते.

मग मी विचारलं, तुला दिसत होतं वारं, तर 'हो' का लिहिलंस?

"तू का लिहिलीस?"

मी म्हटलं, मी नेहमीच लिहिते.

"त्येच. दोन वर्षं तुझा 'हो' वाचतीय मी. त्यात वाऱ्याचं काय न्हाई गं. मी 'नको' म्हणणार हे तुला ठावं असतंय, म्हणून तुझा 'हो'. तू धीट दिसावंस म्हणून भित्रेपणा दर रविवारी मी करायचा, व्हय?"

आक्का, हे खरं होतं. खरं आहे म्हणूनच मी जे बोलले ते बोलले. मी म्हटलं, धडा शिकवायला दोन जीव पाण्यात घालणं याला तत्त्व म्हणत नाहीत, याला मास्तरकी म्हणतात. मी म्हटलं, तू भित्री आहेस ते आहेसच, आज हट्टीही निघालीस. हेही खरं होतं, अर्धं. तू जॅकेटची गाठ सोडायला लागलीस आणि ती सुटेना. तुझे हात थरथरत होते. थंडीनं, असं मी ठरवून टाकलं.

वारं दुपारपर्यंत पडलं नाही. शेवटी उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीत उसाच्या मोळ्यांवर होडी चढवली, होडीत आपण. धरणाला वळसा घालून, दोन गावांमधून, ऊस, त्यावर होडी, होडीत नारिंगी जॅकेट घातलेल्या दोन बायका, एक पूर्वेला तोंड करून आणि एक पश्चिमेला. पारावरच्या एका म्हाताऱ्यानं ड्रायव्हरला विचारलं, "हे कुठल्या फॅक्टरीला?" एरवी मी पडले असते हसून. तू सूर्याकडं बघितलंस, अजून हातभर होता, डबा उघडलास आणि ओली भाकरी शांतपणे खाल्लीस. अर्धी माझ्यापुढं केलीस. मी घेतली नाही.

त्यानंतर तीन रविवार मी आले नाही. तुझ्या दारावरून जाताना मी फोनवर बोलत असल्यासारखं करायची. फोन कानाला उलटा असायचा, हे तुझ्या नजरेतून सुटलं नसणार. तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी दुपारी तू खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस. मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि त्यातल्या एका मथळ्यातली चूक लाल पेनानं सुधारलेली होती.

माझ्या मनात माफीचं पत्रक तयार होतं. यात मात्र एकच मुद्दा होता.

दहा दिवसांनी तुझा भाचा सन्मती पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे, तुझ्या आठवणीनं खरंच रडला, आणि रडून झाल्यावर त्याला कार्यक्रम सुचला. रविवारी सगळ्या नातेवाइकांनी हिडकलला जायचं, होडीत तुझा हार घातलेला फोटो ठेवायचा, त्यानं आणि मी होडी मधोमध न्यायची, फुलं सोडायची, आणि वरून ड्रोननं चित्रण. गोव्याला त्यानं दोन दिवसांचा कोर्स केलेला आहे. निपाणीहून तुझी माणसं दोन गाड्या भरून आली. मीही गेले. खरं सांगते, मी आनंदानं गेले. मला वाटलं, तुझ्यासाठी काहीतरी धाडसाचं करायचं आहे आणि ते माझ्या हातात आहे.

मी जरा लवकर पोचले होते. मल्लाप्पानं मला बाजूला बोलावून तुझा चिठ्ठ्यांचा डबा आणि तुझी तंबाखूची पुडी दिली, आणि त्याच्या मनावरचं ओझं उतरवलं. संक्रांतीच्या आधीच तू त्याला सांगून ठेवलं होतंस. आता पहिलं मोठं वारं सुटेल त्या रविवारी पोरीला पाण्यात घालणार हाय, तर त्या दिवशी मल्लाप्पा, तू पलीकडच्या काठाला तुझी बुट्टी घेऊन तयार रहा. बुट्टी म्हणजे त्याची ती वेताची गोल होडी. तो हो म्हणाला होता. "आनि मी सोयऱ्याच्या लग्नाला गेलतो, आक्का रागावतील म्हनून सांगितलंच न्हाई," एवढं म्हणून तो टॉवेलनं तोंड पुसायला लागला.

म्हणजे तू पक्षी बघत नव्हतीस. तू मल्लाप्पाला शोधत होतीस. तुझी सगळी आखणी काटेकोर होती, बंद झोपडी बघून तुला वाटलं तो पलीकडं पोचला, आणि तो लग्नात जिलेबी वाढत होता. गुडघाभर पाण्यात उभं राहून दुसऱ्यांदा काठ बघितलास तेव्हा तुला कळलं की आपण खरंच दोन जीव पाण्यात घातले होते. आणि मग मी तुला हट्टी म्हटलं, आणि तू सांगितलं नाहीस. माझा राग अजून आहे, आक्का. फक्त तो आता कुठं ठेवायचा ते कळत नाही, कारण तुझे हात मला दिसतात.

मल्लाप्पानं आणखी एक सांगितलं. त्या तीन रविवारी तू आली होतीस. पहाटेची बस, पुढं रिक्षा. तंबाखू सोडायचीस, पाण्याकडं बघायचीस, पाठ करून एक चिठ्ठी लिहायचीस, डब्यात टाकायचीस, रस्त्याकडं बघत बसायचीस, डबा खाऊन परत. मी डबा उघडला. वरच्या तीन चिठ्ठ्या तुझ्या. 'हो'. 'हो'. आणि शेवटची 'नको'.

मी विचारलं, शेवटच्या रविवारी वारं होतं का? मल्लाप्पा म्हणाला, न्हाई, पानी ताटासारखं होतं, तंबाखू पायावर पडली.

मग का गं? छातीत दुखत होतं? दमली होतीस? की माझी वाट बघून झाली होती? तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला, कारण नियम तुझा आणि सही दोघींची.

तोवर सन्मती मोठ्यानं सगळ्यांना गोळा करत होता. वारं वाढलं होतं. टोपल्यांतली झेंडूची फुलं माणसांच्या आधी पाण्याकडं निघाली होती. तुझ्या फोटोचा हार तुझ्या खांद्यावरून उडून तुझ्याच नाकावर बसत होता. मी तुझी पुडी काढली, चिमूटभर सोडली. मल्लाप्पा सवयीनं त्याच्या जागेवर उभा होता, पण त्याच्या शेजारी सन्मती उभा होता. दोघेही डोळे चोळायला लागले. पाण्यावर बगळ्यांचा थवा होता. मी म्हटलं, जायच्या आधी चिठ्ठ्या लागतात. सन्मती डोळे पुसत हसला, म्हणाला, ताई, आक्काच्या आठवणीसाठी सगळं करू, पण ड्रोनची बॅटरी उतरतेय. तरी त्यानं उभ्या उभ्या एक चिठ्ठी खरडून मल्लाप्पाला दिली. सगळे नातेवाईक बघत होते. बाबाही आले होते. गर्दीत कुणीतरी म्हणालं, हीच ती, आक्काबरोबर वादळात गेलेली.

पाठ करून मी पेन हातात घेतलं. आक्का, दोन अक्षरं लिहायला मला जितका वेळ लागला तितक्या वेळात मी एरवी अर्धं पत्रक लिहिते. घडी घातली. मल्लाप्पाच्या हातात दिली.

त्यानं सन्मतीची उघडली. "हो." माझी घडीसकट डब्यात टाकली आणि म्हणाला, "चला, ढकला."

चार माणसांनी होडीला हात घातला. मी गप्प राहिले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. डब्याचं झाकणही लागलं होतं.

मी म्हटलं, "मल्लाप्पा, माझी वाच."

"तुमचं काय, हायच की."

"वाच रं."

त्यानं डबा उघडला, चिठ्ठी उघडली, वाचली. माझ्याकडं बघितलं. पुन्हा वाचली. मग उलटी करून बघितली, मी बघितली होती तशीच. "नको," तो म्हणाला, आणि जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नको."

होडीवरचे हात निघाले. सन्मती माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, अर्धा तंबाखूनं. तुम्हालाच भीती वाटते म्हणजे कमाल आहे, आक्कासाठी एवढंही नाही, निदान कारण तरी सांगा. माझ्याकडं कारणं होती. सात होती, त्यांतली चार एकच. मी तोंड उघडलं. पण मल्लाप्पा आमच्या मधे येऊन उभा राहिला.

"ब्याड अंद्र ब्याड," तो कानडीत म्हणाला. मग सन्मतीला कळावं म्हणून, "नको म्हंजे नको. कारन इचारायचं न्हाई. आक्कांचा नियम हाय."

बाबा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आज्याचं नाव काढतील. ते म्हणाले, "डबा काय आणलाईस?"

आम्ही काठावर बसून जेवलो, कांद्याशिवाय. आणि आता ऐक, कारण हे ऐकून तू जिथं असशील तिथं लाल पेन खाली ठेवून हसशील. जेवण होऊन तास झाला नसेल, वारं पडलं. साफ पडलं. बगळे सगळे उडाले, पाणी ताटासारखं झालं, ड्रोनसुद्धा गुणगुणत सरळ उभा राहिला. सन्मतीनं माझ्याकडं बघितलं. निपाणीच्या दोन्ही गाड्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, एका रविवारी एकदाच मतदान. आणि भाकरीचा तुकडा तोंडात घातला. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा डब्यात माझी एक खरी चिठ्ठी पडली होती.

ती तुझ्या शेवटच्या 'नको'वर आहे. दोन्हींचं कारण कुणालाही माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

दुपार कलता मी एकटीच स्कूटरवरून परत आले. मागं कुणी माझ्या गाडी चालवण्यावर बोलत नव्हतं, म्हणून मी फार सावकाश चालवली. गल्लीत शिरले तर फ्लेक्स अजून गिरणीवर होता आणि ओट्यावरच्या बायका सवयीच्या जागी होत्या. मग त्यातली एक हळूच म्हणाली, "काय गं ज्योते, आला का जाऊन?"

मी उतरले. चपला नीट केल्या.

"न्हाई," मी म्हटलं. "वारं होतं."